डिक्कीतला खर्ज

सौंसरच्या बसस्थानकाजवळ थोडा वेळ उभं राहिलं तर काही गाड्या दिसण्याआधीच कळतात. नागपूरकडून एखादी छोटी मोटार येते. काचा वर केलेल्या असतात, त्यामुळे गाण्याचे शब्द आणि गायकाचा गळा आतच राहतो. बाहेर येतो तो फक्त खालचा ठोका. पत्रा आणि काच वरच्या सुरांना अडवतात, खालच्या सुरांपुढे मात्र त्यांचं फारसं चालत नाही. कंपनसंख्या निम्मी झाली की तोच पत्रा साधारण सहा डेसिबल आवाज जास्त सोडतो. म्हणून गाडी रस्त्यावरून जाते आणि दुकानाचं शटर थरथरतं.

संगीतात याला खर्ज म्हणतात. गाडीच्या धंद्यात तो बेस, आणि तो ज्यातून निघतो तो मोठा स्पीकर म्हणजे गिऱ्हाइकांच्या तोंडचा ‘बूफर’. कंपनीतून आलेल्या गाडीत हा बेस वर्षानुवर्षं नसायचाच. गाडी घरी आल्यावर कुणा मिस्त्रीकडे नेऊन वायरी कापून, प्लायवूडची पेटी ठोकून तो बसवून घ्यावा लागे. आज कारखाने स्वतःच डिक्कीत बूफर बसवून देतात, आणि त्यातले बडे कारखाने पुणे जिल्ह्यात आहेत. पेटी ठोकणाऱ्या मिस्त्रीपासून या कारखान्यांपर्यंतचा प्रवास बराच लांबचा आहे.

सौंसर मध्य प्रदेशात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर आणि विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मागे राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला आणि सौंसर त्यात आलं. इथे कागद हिंदीत, घर मराठीत आणि बाजार नागपुरात. संत्री ज्या रस्त्याने नागपूरला जातात, त्याच रस्त्याने गाडीचे सुटे भाग, स्पीकर आणि ते बसवून घेण्याची हौस इकडे येते. म्हणून सौंसरच्या डिक्कीतल्या खर्जाची गोष्ट सांगायची तर नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून पुढे मुंबई-पुण्यापर्यंत जावं लागतं.

आवाजाची आवड मात्र इथलीच आहे. पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा चढतात. वाहन नुसतं सजलेलं दिसून भागत नाही, ते येताना ऐकूही आलं पाहिजे, ही समजूत या मुलखात मोटारीच्या कितीतरी आधीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते आणि त्याच दिवशी नागपुरात मारबत निघते. ढोल, डफडं, अलीकडे धुमाल आणि डीजे. कातड्याचा जाड, छातीवर येणारा ठोका ऐकत वाढलेल्या कानाला पत्र्याच्या डबीसारखा वाजणारा स्पीकर कसा पुरावा?

मोठा आवाज पहिल्यांदा चाकांवर चढला तो भोंग्याच्या रूपाने. मुंबईच्या ‘शिकागो रेडिओ’ कंपनीचं नाव गांधीजी आणि नेहरूंच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर आजही वाचता येतं. मोटवाने कुटुंबाच्या या कंपनीने हजारोंच्या सभांना आवाज पुरवला. पुढे अहुजाचे भोंगे गावोगाव पोहोचले. टुरिंग टॉकीजची जाहिरात आणि निवडणुकीचा प्रचार त्यांच्याच जोरावर चाले. पण भोंगा माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला. दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ मुका असतो, आणि ढोलाचा जीव तर शंभराच्या खाली. भोंग्यातून वाजणाऱ्या गाण्यात ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा कधी ऐकूच आला नाही.

खर्ज काढायला मोठा कागदी कोन लागतो. विजेच्या गुंडाळीने कोन हलवणारा आजच्या पद्धतीचा स्पीकर अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. पाचच वर्षांनी, १९३० च्या जून महिन्यात, पॉल गॅल्विन आपल्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवून अटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याला गेले. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. हा रेडिओही गाडीबरोबर आलेला नव्हता, मागाहून बसवलेला होता. गाडी एकाची आणि तिच्यातला आवाज दुसऱ्याचा, ही वाटणी पहिल्या दिवसापासूनची आहे.

भारतात ती फार काळ टिकली. इथे रेडिओला सरकारी परवाना लागे, गाडीतल्या रेडिओलाही, आणि ही परवाना पद्धत थेट १९८० च्या दशकापर्यंत चालली. गाड्याही दोनच ठळक होत्या. बंगालमधल्या उत्तरपाड्याची अँबॅसेडर आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभी केलेली कंपनी. दोन्ही गाड्यांत रेडिओ ही मागाहून करायची हौस होती.

पण या जुन्या गाड्यांत एक सोय आपसूक होती. मागच्या काचेखाली पत्र्याची सलग फळी, आणि फळीखाली बंद डिक्की. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. या दोन लाटा एकमेकींना भेटल्या की खालचा सूर जागच्या जागी मरतो. पद्मिनीच्या फळीला भोकं पाडून लंबगोल ‘सहा-नऊ’चे स्पीकर बसवले की मागची लाट डिक्कीत अडकायची आणि पुढची गाडीत यायची. डिक्की म्हणजे आयती पेटी. मिस्त्रीला हे सूत्र कुणी शिकवलं नव्हतं. भोकाच्या कडेला फट राहिली तर बेस जातो, फेविकॉल आणि फोम लावून ती बुजवली तर परत येतो, हे त्याने कानाने शोधलं होतं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ही या विद्येची मोठी शाळा. पंचवीस-तीस वर्षं तिने रात्रंदिवस गाणी वाजवली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पांढुर्णा जिल्हा झाला त्याच महिन्यात.

गाडीत वाजवायला आपलं गाणं मिळालं ते कॅसेटमुळे. फिलिप्सने कॅसेट १९६३ मध्ये आणली. खेड्यापाड्यांतल्या गाड्यांत ती शिरली ती १९८० च्या दशकात, जेव्हा कॅसेट स्वस्त झाल्या आणि आकाशवाणीवर सहसा न लागणारी गाणी त्यांवर येऊ लागली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं, आनंद शिंदे यांचा ‘नवीन पोपट’, विदर्भात घरोघरची भीमगीतं. या गाण्यांचा कणा ढोलकीचा आहे. ती टेपरेकॉर्डरच्या चार इंची स्पीकरवर ऐकणं म्हणजे रस्सा गाळून भाजी खाणं. गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणे, ‘आवाज आहे, पण दम नाही.’ या एका वाक्यावर पुढचा सगळा धंदा उभा राहिला.

दम का नव्हता? कारण गाडीत वीज बारा व्होल्टचीच. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. साध्या जोडणीत त्यातले निम्मेच व्होल्ट स्पीकरला मिळतात, आणि चार ओहमच्या स्पीकरवर त्यातून पाच-सहा वॉटच निघतात. इथे मिस्त्रींच्या जगातल्या एका नायकाचं नाव घ्यायलाच हवं. सान्यो कंपनीची ‘एलए ४४४०’ ही आयसी, जिला सगळे नुसतं ‘चव्वेचाळीस-चाळीस’ म्हणत. एका चिपमध्ये सहा-सहा वॉटचे दोन भाग. पण ते दोन्ही एकमेकांविरुद्ध जोडले, म्हणजे एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली ओढतो असं केलं, की त्याच बॅटरीवर १९ वॉट मिळत. तिप्पट ताकद, एका आयसीच्या किमतीत! पुण्यात बुधवार पेठेतून आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून या आयसी, तयार पट्ट्या आणि उष्णता शोषणारे अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. आयटीआय केलेली पोरं, रेडिओ दुरुस्त करणारे, घड्याळजीसुद्धा अँप्लिफायर बांधू लागले. या देशातल्या एका पिढीने इलेक्ट्रॉनिक्स शिकलं ते कॉलेजात कमी आणि या ४४४० वर जास्त, असं म्हणायला हरकत नाही.

मग १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि मिस्त्रीचं गणितच बदललं.

मारुतीला पद्मिनीसारखी बंद डिक्की नव्हती. मागचं दार वर उघडायचं आणि आतला सामान ठेवायचा कप्पा बसण्याच्या जागेला खुलाच होता, वर फार तर एक हलकी फळी. त्या फळीवर ‘सहा-नऊ’ बसवले की पुढची आणि मागची लाट मोकळेपणी भेटून बेस गिळून टाकायच्या. लहान गाडीत स्पीकर आहेत तितकेच, आवाज आहे तितकाच, आणि तरी ठोका गायब. तेव्हा आयती पेटी गेली म्हणून पेटी बांधणं आलं. प्लायवूड किंवा लाकडाच्या दाबलेल्या भुशाची फळी, कडांना डिंक, स्क्रू, आत कापूस, वर काळं गालिच्याचं कापड. काम अर्धं सुताराचं, अर्धं वायरमनचं. दहा किंवा बारा इंची बूफर त्यात बसला. बारा इंची कोनाचं क्षेत्रफळ चार इंचीच्या नऊपट भरतं, आणि सूर एक सप्तक खाली न्यायचा तर तेवढाच आवाज ठेवायला चौपट हवा हलवावी लागते. म्हणून दाराच्या लहान स्पीकरला कितीही वीज पाजली तरी तो ढोल होत नाही, त्याची कॉइल जळते एवढंच.

पेटीच्या मापामागचं गणित तोवर जगात सुटलं होतं. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत दाखवलं की बंद पेटीतली हवाच स्प्रिंगचं काम करते, त्यामुळे लहान पेटीतूनही खोल सूर निघतो. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये भोकवाल्या पेटीचं गणित मांडलं, आणि १९७० च्या दशकात सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी ते पूर्णत्वाला नेलं. आजही प्रत्येक चांगल्या बूफरच्या कागदावर जे आकडे येतात त्यांना थील-स्मॉल यांचंच नाव आहे. आपल्याकडे मात्र ते कागद कामाच्या बाकापर्यंत पोहोचायला फार वर्षं लागली. मिस्त्री दोन इंच मोठी, दोन इंच लहान अशा पेट्या करून बघे. कधी ठोका घट्ट बसे, कधी एकाच सुरावर पेटी बोंबलत राही. त्या फसलेल्या पेट्यांतच त्याचं शिक्षण होतं.

त्याच्या बाजूने मात्र गाडी स्वतः उभी होती. पन्नास हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर, आणि लहान गाडीची आतली लांबी अडीच-तीन मीटर. लाट गाडीत मावत नाही. मग ती लाट राहत नाही, सगळ्या गाडीतली हवा एकदम दाबली आणि सोडली जाते, आणि जसजसा सूर खाली जातो तसतसा हा दाब वाढतो. दिवाणखान्यात जो बूफर पुचाट वाटतो तोच बंद गाडीत छाती हलवतो, तो यामुळे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं होतं की माणसाचा कान हळू आवाजात खालच्या सुरांना फार कमी दाद देतो. टेपवरचं ‘लाउडनेस’चं बटण त्या अभ्यासातून आलं. बंद काचांच्या लहान गाडीत कानाची ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते.

१९९१ पर्यंत चांगला परदेशी टेप म्हणजे आखातातून येणाऱ्या भावाने आणायची वस्तू, नाही तर मुंबईच्या मनीष मार्केटमध्ये घासाघीस करून घ्यायची. आयातीचे दरवाजे सैल झाले तसे पायोनियर, केनवुड, सोनी उघड दुकानांत आले. २००० च्या आसपास सोनीचं ‘एक्सप्लोड’ हे नाव कॉलेजातल्या पोरांच्या मागच्या काचेवर स्टिकर होऊन बसलं. याच काळात पुण्याची नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड गाडी सजवण्याच्या कामासाठी सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाले.

तरी या मुलखात बेसचा खरा प्रचार मालकाच्या गाडीने केला नाही, भाड्याच्या गाडीने केला. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटॅडोर, मग ट्रॅक्स, आणि १९९४ मध्ये आलेली टाटा सुमो, जिचं नाव टाटांच्या मोटार कंपनीचे प्रमुख राहिलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून ठेवलं. विदर्भाच्या रस्त्यांवर काळी-पिवळी होऊन धावणाऱ्या या गाड्यांत सीट दाटीवाटीने भरायची असे. चांगलं गाणं लागलेली गाडी आधी भरते, हे चालकाला पक्कं ठाऊक. लग्नसराईत वरात नेणारी सुमो तर सिस्टिमवरच ठरे. सीटखाली पेटी, तिच्यावर प्रवाशांचे पाय, आणि पाठीवर ठोका. ज्याने स्वतःची गाडी कधी घेतली नाही अशा माणसालाही बूफर कळला तो इथे.

कारखान्यांना जाग यायला वेळ लागला. अमेरिकेत अमर बोस यांच्या कंपनीने जनरल मोटर्सच्या १९८३ च्या मॉडेलांसाठी, एकेका गाडीचा आतला नाद मोजून, कारखान्यातच बसणारी सिस्टिम दिली. म्हणजे भारतात मारुती ८०० आली, त्याच सुमारास तिकडे गाडी आणि आवाज एकत्र घडू लागले. इथे त्याला आणखी तीन दशकं गेली. हरमन कंपनी पुण्याजवळ चाकणला आली, आणि २०१४ च्या टाटा झेस्टमध्ये हरमनची सिस्टिम कारखान्यातूनच बसून आली. २०१९ च्या हॅरियरच्या वरच्या मॉडेलात जेबीएलचे नऊ स्पीकर, त्यात स्वतंत्र बूफर आणि अँप्लिफायर. २०२१ च्या महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये सोनीचे बारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवलेल्या महिंद्राच्या विजेवरच्या गाड्यांत हरमन कार्डनचे सोळा. नाना पेठेत ज्या कामासाठी गाडी दिवसभर उभी राहायची ते काम आता तिथून जवळच चाकण-पिंपरीत, गाडी जन्माला येतानाच होतं.

ही वरच्या मॉडेलांची गोष्ट. सौंसर-पांढुर्ण्यातल्या बहुतेक घरांत येते ती मधल्या किंवा खालच्या मॉडेलाची गाडी, आणि तिच्यात आजही दारात कागदी कोनाचे चार स्पीकर असतात. पडद्यावर ‘५० गुणिले ४’ लिहिलेलं असलं तरी चौदा व्होल्टमधून चॅनेलमागे खरे वीसएक वॉटच निघतात. पूर्वी मिस्त्री टेपच काढून टाकायचा. आता पडद्यात कॅमेरा, एसी, स्टिअरिंगची बटणं सगळं गुंतलेलं, त्यामुळे तो हलवता येत नाही. म्हणून नवी पद्धत अशी की स्पीकरच्याच तारांतून संकेत घ्यायचा, तो ‘हाय-लो’ डबीतून खाली उतरवायचा आणि वेगळ्या अँप्लिफायरला द्यायचा. त्यातही एक मेख आहे. बऱ्याच गाड्यांत आवाज वाढवला की लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून यंत्र स्वतःच बेस कापतं. मिस्त्रीने कान न देता तार जोडली तर महागडा बूफर नेमक्या मोठ्या आवाजातच गप्प बसतो.

धंद्यातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट तारेची आहे. पाचशे वॉटचा जुन्या पद्धतीचा अँप्लिफायर पूर्ण जोरात साठ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. घरातला दोन किलोवॅटचा गिझर नऊच ओढतो. गाडीत एवढी वीज बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पायाखालच्या गालिच्याखालून जाते. तार जाड तांब्याची हवी, तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची नको. फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आत हवा, डिक्कीत नव्हे. उन्हाळ्यात इथे पत्रा तापतो तेव्हा सोललेली तार आणि घट्ट न बसवलेला जोड यांचं काय होतं हे प्रत्येक जुन्या मिस्त्रीने पाहिलेलं आहे. चांगला मिस्त्री ओळखायचा तो बूफरच्या आकारावरून नव्हे, त्याने फ्यूज कुठे लावला यावरून.

बाहेर जाणाऱ्या आवाजाला कायदा आहे. मध्य प्रदेशात १९८५ चा कोलाहल नियंत्रण अधिनियम, आणि देशभर २००० चे ध्वनिप्रदूषण नियम, ज्यांत वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण हे डेसिबल ‘ए’ मापाने मोजले जातात, आणि पन्नास हर्ट्झला ते माप प्रत्यक्षापेक्षा तीस डेसिबल कमी दाखवतं. ते माप माणसाचा कान हळू आवाजात जसं ऐकतो त्यावर बेतलेलं आहे. परिणाम असा की भिंतीतून येऊन खाट हलवणारा ठोका यंत्रावर बऱ्याचदा साधासुधा दिसतो. आजारी माणसाच्या घरचे तक्रार घेऊन जातात तेव्हा त्यांचं म्हणणं खरं असतं, यंत्राचा आकडा अपुरा असतो. नियमात खालच्या सुरांसाठी वेगळं माप यायला हवं. आणि ज्याने हौसेने सिस्टिम बसवली आहे त्यानेही गल्लीत शिरताना बेसचा खटका बंद करावा. चांगल्या सिस्टिमला तो खटका चालकाच्या हाताशीच दिलेला असतो.

कारखाने जसजसे स्वतः बेस देऊ लागलेत तसतशा पेट्या अडगळीत चालल्यात. ज्यांनी ४४४० वर पहिला अँप्लिफायर बांधला ते लोक आता साठीच्या पुढे आहेत, आणि त्यांच्या कामाची ना वही आहे ना फोटो. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, सावनेर या पट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती. घराच्या माळ्यावर जुन्या गाडीतून काढलेली प्लायवूडची पेटी असेल तर ती भंगारात देण्याआधी उघडून बघा. आत पेन्सिलीने मापं लिहिलेली असतील. कुणी बांधली, कोणत्या वर्षी आणि कोणत्या गाडीसाठी, हे तिच्या पाठीवर लिहून ठेवा. बांधणारा गावातच असेल तर त्याच्याकडूनच लिहून घ्या.